शून्य कुठे धरलंस?

५ नोव्हेंबर

ताई,

तुझा फोन नंबर बदललाय, ईमेल परत येतात. पत्ता तेवढा आत्याकडून मिळाला. तोही तिने 'मी दिला म्हणून सांगू नकोस' या अटीवर दिला, आणि मी ते पहिल्याच ओळींत सांगून मोकळा झालो. माझ्या पोटात काही राहत नाही, असं तू म्हणायचीस. हल्ली राहतं.

एक विचारायचं आहे. बोटींचं डिझाइन करायला कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर घ्यायचं झालं तर कुठलं घ्यावं? तू एवढ्या मोठ्या गोदीत काम करतेस, रोज असली चार तरी वापरत असशील.

हो, आपल्याच कारखान्यासाठी. अप्पा नाही म्हणाले नाहीत. "आणा काय आणायचं ते, लाकूड शेवटी करवतीनेच कापायचंय," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून याला परवानगी म्हणतात, हे तुला वेगळं सांगायला नको.

दोन सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरून पाहिली. त्यांची खरी नावं लिहीत नाही, कारण मी त्यांना मनात वेगळीच नावं ठेवली आहेत. एक 'हसरा' आणि दुसरा 'मास्तर'. हसऱ्यात बोटीचा आकार कणकेचा गोळा ओढावा तसा माऊसने ओढता येतो. कुठलं वजन किती आणि किती उंचीवर, ते भरलं की कोपऱ्यातलं एक वर्तुळ हिरवं होतं आणि त्यात छोटीशी बोट आनंदाने डुलायला लागते. मास्तराचं तसं नाही. तो आधी प्रश्नांची सरबत्ती करतो. पाणी गोडं की खारं? माणसं बसणार की उभी राहणार? उंच्या कुठून मोजल्या? एक उत्तर राहिलं तर पुढे सरकू देत नाही. वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटतं.

नुसतं विचारून ठेवतो आहे. घाई काही नाही.

अप्पांचे गुडघे दुखतात, पण शिडी सोडत नाहीत. आमची चिमणी सातवीत गेली. तू तिला पाहिलं तेव्हा ती रांगत होती.

तुझा धाकटा


२४ नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर आलं. 'कुठली बोट? किती माणसं? आधी बोट सांग, मग सॉफ्टवेअर.' वर 'प्रिय' नाही, खाली नाव नाही. तरी मी ते शर्टाच्या खिशात घालून दिवसभर कारखान्यात फिरलो.

आता बोट सांगायची म्हणजे मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते लिहायला हवं. सॉफ्टवेअर घेऊन झालं आहे. उन्हाळ्यातच घेतलं. हसरा घेतला. मग तुला 'कुठलं घ्यावं' असं का विचारलं, याचं उत्तर मी स्वतःला देऊन पाहिलं. मला वाटतं, तू हसऱ्याचं नाव घ्यावंस एवढीच माझी इच्छा होती.

आणि बोटही झाली आहे. प्रवाशांची, साठ माणसांची. खाडीच्या या काठावरून त्या काठावर दिवसभर ये-जा करायची. मालक एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही 'घाईसाहेब' म्हणतो. ते खुर्चीत कधी पुरते बसत नाहीत, टेकतात. त्यांना बोटीवर माडी हवी होती. खाली चाळीस जण, वर वीस, वर वारा खायला जास्त भाडं. आपल्याकडे माडीची बोट आजवर झाली नव्हती. अप्पांच्या डोळ्यांना तिचा अंदाज नव्हता, म्हणून तर कॉम्प्युटर आला.

परवा तिला पाण्यात सोडली. दिसते फार देखणी. मोठ्या मिस्त्रींनी काठावर उभं राहून तिला पायाने ढकललं. ती कलली, आणि हळूहळू, अगदी सावकाश परत आली. सगळे खूश. अप्पा म्हणाले, "पाळणा आहे, पाळणा! पोटातलं पाणी हलायचं नाही कुणाच्या." मिस्त्री म्हणाले, "मालक, असली मऊ बोट आपण कधी केली नव्हती."

ताई, मीही हसलो. पण ती किती वेळात परत आली ते मी मनात मोजत होतो. तुझ्याच कॉलेजात मी तुझ्यामागून शिकलो, तेव्हा तुला सांगायची गरज नाही. झटकन परत येते ती बोट माणसांना हिसके देते, पण तिच्यात उठून उभं राहायचं बळ असतं. जी अशी आळसावून येते, ती परत यायचं की नाही याचा विचार करत असते.

मला उगाच वाटत असेल. हसऱ्याचं वर्तुळ हिरवं आहे. तपासणीच्या कचेरीत त्याचाच कागद गेला आणि शिक्का बसून आला.

आपली रीत तुला आठवत असेलच. नव्या बोटीच्या पहिल्या फेरीला गिऱ्हाईक नाही, आपलीच माणसं. कामगार, त्यांच्या बायका, मुलं, झाडून सगळी. 'जिथे आपली पोरं बसवायची छाती नाही तिथे दुसऱ्याची बसवायची नाहीत.' ही फेरी नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी आहे.

धाकटा


१० डिसेंबर

ताई,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितो आहे. तू विचारणारच की मास्तर काय म्हणाला. म्हणून आधीच सांगतो.

मास्तर नाही म्हणाला.

तीच बोट, तीच वजनं मी दोघांतही भरली होती. हसरा हिरवा झाला. मास्तराने लाल अक्षरात लिहिलं, की माडीवर माणसं असताना बोट एका ठरावीक कलण्यापलीकडे गेली तर परत येणार नाही. मी ते वाचलं आणि त्यावर चहा प्यायलो. मग स्वतःशी वकिली सुरू केली. मास्तर मोठ्या समुद्रात जाणाऱ्या जहाजांसाठी असणार. त्याला आपल्या लाकडी बोटी काय कळणार? शिवाय मी त्याच्यात नवा होतो, माझंच काहीतरी चुकलं असणार. हे शेवटचं तर अगदी खरं मानलं. पण चुकलं असेल तर मास्तरातच चुकलं असेल, हसऱ्यात नाही, हे कुठून ठरवलं? तसं ठरवायला माझ्याकडे काहीही नव्हतं. हिरवा रंग आवडला, एवढंच.

फुकटचा महिना संपला आणि मास्तर आपोआप बंद झाला. मला हायसं वाटलं. पाहुणा स्वतःहून उठला की वाटतं तसं.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुलाच का सांगतो आहे आणि तुलाच सांगायला सगळ्यात जास्त का भितो आहे, ते लिहितो. तू जाताना जेवणाच्या टेबलावर अप्पांना म्हणालीस, "नुसत्या डोळ्यांवर बांधत राहा. एक दिवस तुमची बोट माणसं घेऊन बुडेल." त्यावर अप्पा जे बोलले ते मी लिहीत नाही. त्यांनी डोळ्यांवर बांधल्या त्यातली एकही बुडाली नाही, ताई. बुडालीच तर कॉम्प्युटरवर बांधलेली पहिली बुडेल. म्हणजे तुझं वाक्य मी खरं करणार, आणि तेही तुझी बाजू घेऊन.

काल चिमणी धक्क्यावर आली होती. शिडीने वर चढली, माडीच्या पार पुढच्या टोकाला जाऊन ओरडली, "बाबा, ही माझी जागा! पहिल्या फेरीला मी इथे! कुणाला देऊ नका!" मिस्त्रींनी खालून सांगितलं, "बरं बाईसाहेब, पाटी लावतो." ती एकटी वर होती. तिच्या वजनाने काय होणार? तरी ती एका कडेवरून दुसऱ्या कडेला पळाली तेव्हा मला बोट हललेली दिसली. खरंच हलली की भीतीने दिसली, ते मला सांगता येत नाही.

रात्रीच्या जेवणाला बायको म्हणाली, "चिमणीकडे असे काय बघताय? ताप आलेल्या पोराकडे बघावं तसे?" मी म्हटलं, काही नाही, मोठी झाली. त्यावर ती म्हणाली, "मोठी होताना पोटात दुखतं का तुमच्या? दोन घास जेवलाहात."

दोघांतला एक चुकतो आहे. कोण ते मला सापडत नाही. मास्तर आता उघडायचा तर विकत घ्यावा लागेल, आणि अप्पा विचारतील, एक असताना दुसरा कशाला?

तू सांग. काहीही सांग.


१९ डिसेंबर

ताई,

एक ओळ. 'दोघांत शून्य कुठे धरलंस?'

कारखान्याच्या ऑफिसात उभ्या उभ्या वाचली. आधी रागच आला. जीव टांगणीला लागलेल्या माणसाला असलं कोडं घालतात का? मग कळलं, आणि मी लाकडाच्या ओंडक्यावर बसलो.

आपल्याकडे उंची कुठून मोजतात? कण्याच्या पाठीवरून. बोटीच्या तळाचं ते लांब, जाड लाकूड, त्याच्या वरच्या अंगावर पट्टीचं टोक टेकायचं आणि वर मोजत जायचं. मिस्त्री बोटीच्या आत उभा असतो, त्याला तेच हाताशी येतं. तू मोजलंस, मी मोजलं, अप्पांनी जन्मभर मोजलं. इंजिनाची उंची, टाकीची, माडीच्या तुळयांची, सगळ्यांची मी तशीच मोजून घेतली.

मास्तराने विचारलं होतं, उंच्या कुठून मोजल्या? मी उत्तर दिलं, कण्याच्या पाठीवरून. त्याने मुकाट्याने तिथे शून्य धरलं.

हसऱ्याने विचारलंच नाही. त्याला जे सर्वांत खालचं दिसतं ते शून्य, म्हणजे कण्याचं पोट. बोटीचा आकार त्याने तिथून मोजला. आणि वजनांच्या उंच्या मी दिल्या त्या पाठीवरून मोजलेल्या. कणा चांगला वीतभर जाड आहे. म्हणजे हसऱ्याच्या बोटीत इंजिन, टाकी, बाकं, माडी, माडीवरची वीस माणसं, सगळं खरं आहे त्यापेक्षा वीतभर खाली होतं. वजन खाली असलेली बोट स्थिरच असणार! तो खोटं काही बोलला नाही. मी त्याला दुसऱ्याच बोटीबद्दल विचारलं होतं.

लगेच कॉम्प्युटर लावला आणि सगळ्या उंच्यांत कण्याची जाडी मिळवली. वर्तुळ लाल झालं. त्यातली छोटी बोट एका अंगाला कलली आणि तशीच राहिली, डुलली नाही. मास्तराने उन्हाळ्यात सांगितला होता जवळजवळ तोच आकडा खाली उमटला.

मी सॉफ्टवेअर निवडलं नव्हतं, ताई. मी उत्तर निवडलं होतं.

दारातून बोट दिसत होती. दोन कामगार माडीच्या कठड्याला रंग देत होते आणि एक दुसऱ्याला काहीतरी फाजील सांगून हसवत होता. मला त्यांना 'खाली उतरा' म्हणून ओरडायचं होतं. दोन माणसांनी काही होत नाही, हे कळत असूनही मी ते उतरेपर्यंत दारात उभा राहिलो.

अप्पांना अजून सांगितलं नाही. सांगायला गेलो होतो. ते म्हणाले, "घाईसाहेब आले होते. माडी बघून पहिल्यांदाच खुर्चीत नीट बसले." मी परत आलो.

पण नुसत्या आकड्यांवर मी एकदा फसलो आहे, म्हणून रविवारी ओळंबा लावून प्रत्यक्ष बघणार आहे. पाण्यात उभ्या बोटीत वाळूची पोती या बाजूची त्या बाजूला हलवायची आणि ती किती कलते ते ओळंब्यावर वाचायचं. कॉलेजात आपण टबातल्या लाकडी ठोकळ्यावर केलं होतं, तेच. कारखान्याला सुट्टी असेल. मिस्त्रींना बोलावलं आहे. कशासाठी ते सांगितलेलं नाही.


२२ डिसेंबर

ताई,

आज ते झालं.

बोटीच्या आत तुळईवरून ओळंबा सोडला. त्याचं टोक पाण्याच्या बादलीत, म्हणजे झोके थांबतात. वर दोरीच्या मागे आडवी फळी. तिच्यावर पेन्सिलीने दोन खुणा केल्या, एक जवळ, एक लांब. पोती एका कडेला रचली होती. मिस्त्री एक पोतं खांद्यावर घेऊन निघणार तेवढ्यात वरून आवाज आला.

"रविवारी वाळू कसली वाहताय?"

अप्पा. गुडघे धरत धरत शिडी उतरून आले. मिस्त्री म्हणाले, "मालक, धाकटे म्हणाले, मी उचलली."

"आणि उद्या हा म्हणाला विहिरीत उडी मार, तर मारशील?"

"रविवारचं नाही मारणार," मिस्त्री म्हणाले.

अप्पांचं लक्ष फळीकडे गेलं. "या खुणा कसल्या?"

मी म्हटलं, "पोती हलवल्यावर दोरी या जवळच्या खुणेशी थांबली तर बोट चांगली आहे. लांबच्या खुणेपर्यंत गेली तर..."

"तर काय?"

"तर माडीवर माणूस चढवता येणार नाही, अप्पा."

मला वाटलं, आता शिव्या येतील. त्यांनी मिस्त्रींना हाताने खूण केली. हलव.

मिस्त्रींनी एकेक पोतं पलीकडे नेलं. प्रत्येक पोत्याबरोबर दोरी फळीवरून सरकत होती, इतकी हळू की बघत राहिलं तर थांबल्यासारखी वाटे. शेवटची पोती जायची होती तेव्हाच ती जवळच्या खुणेवर आली. मी मनात म्हटलं, थांब. खरंच म्हटलं, एखाद्या माणसाला म्हणावं तसं. ती पुढे गेली. शेवटचं पोतं ठेवून मिस्त्री जागेवर उभे राहिले. दोरी लांबच्या खुणेपाशी आली, आणि तीही ओलांडून बोटभर पलीकडे जाऊन थांबली.

अप्पा म्हणाले, "काढून टाक ते तुझं हसरं."

"त्याची चूक नाही, अप्पा. त्याला आकडे मी दिले."

"मग तुला काढून टाकू?"

मिस्त्रींना हसू आलं, त्यांनी ते खोकल्यात घातलं. अप्पा हसले नव्हते. मी त्यांना सगळं सांगितलं. शून्याचं, कण्याचं, आणि मास्तराची लाल अक्षरं मी उन्हाळ्यातच वाचली होती हेही. हे शेवटचं मला गाळता आलं असतं. गाळायचं मनात आलंही होतं.

ते खाली वाकले, तळातल्या दोन फळ्या उचलल्या आणि आत हात घालून कण्याच्या पाठीवर ठेवला. मग म्हणाले, "मी आयुष्यभर इथूनच मोजलं."

"ते बरोबरच आहे. सगळं इथून मोजलं तर काही बिघडत नाही. मी अर्धं इथून मोजलं, अर्धं खालून."

"वर सगळे चढले असते आणि एका अंगाला धावले असते, तर?"

त्यांना उत्तर माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. ते एका पोत्यावर बसले. मी त्यांना कामाच्या जागी बसलेलं कधी पाहिलेलं नाही, ताई. तू पाहिलं आहेस? मग मिस्त्रींकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून माडी उतरवा. शिडीसकट."

वर जाताना शिडीच्या मध्यावर थांबले. "तू तिला लिहितोस?"

"हो."

"हे तिने शोधलं?"

"तिने एवढंच विचारलं, की शून्य कुठे धरलंस."

"एवढंच?"

"एवढंच."

ते उरलेल्या पायऱ्या चढले. वरून म्हणाले, "बरोबर जागी बोट ठेवलं." मला म्हणाले की स्वतःशी, कुणास ठाऊक. जसं ऐकलं तसं कळवतो.


५ जानेवारी

ताई,

माडी उतरवली. तपासणीच्या कचेरीत जाऊन मी आधीचा कागद चुकीचा असल्याचं लिहून दिलं आणि नवा दिला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "पास झालेला कागद परत घ्यायला आलेले तुम्ही पहिलेच." मला ते कौतुक वाटलं नाही.

घाईसाहेब धक्क्यावर उभे राहून ओरडले, "माडीसाठी तर बोट घेतली! माडी कुठे आहे?" अप्पा म्हणाले, "माडी हवी असेल तर घर बांधा. इथे बोटी मिळतात." ते रागावून गेले, दुसऱ्या दिवशी परत आले. खाली वारा येईल अशा मोठ्या खिडक्या करून द्यायचं ठरलं आहे.

मी मास्तर विकत घेतला. हसराही ठेवला आहे. प्रत्येक बोट दोघांतही घालायची आणि दोघांचं उत्तर जुळल्याशिवाय करवतीला हात लावायचा नाही. यातही मी फसू शकतो. दोघांना एकच चूक सांगितली तर दोघेही खुशाल हो म्हणतील. हे आता झोपताना आठवतं.

आज पहिली फेरी होती. माडी उतरवलेल्या बोटीवर ओळंबा पुन्हा लावून झाला होता, तो जिथे थांबायला हवा तिथेच थांबला होता. मास्तर हो म्हणाला होता, हसरा हो म्हणाला होता, मी कागदावर हाताने केलेला हिशेब हो म्हणत होता. तरी सकाळी मी तो हिशेब पुन्हा एकदा केला.

बायकोला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "आधी सांगितलं असतंत तर महिनाभर एकटे वाळला नसतात." मग विचारलं, "तुम्ही चढणार ना?" मी हो म्हटलं. "मग चला," म्हणाली आणि चिमणीचा हात धरून माझ्या आधी चढली.

गोष्ट सगळ्या कामगारांपर्यंत पोचलेली होतीच. मिस्त्रींच्या बायकोने फळीवर पाऊल ठेवण्याआधी अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल असं विचारलं, "आता तरी बुडत नाही ना हो ही? नवी साडी आहे माझी!" सगळे हसले. मला हसता आलं नाही. मी म्हटलं, नाही बुडत. माझा आवाज मलाच खरा वाटला नाही. ती माझ्याकडे क्षणभर बघून म्हणाली, "बरं बाबा, तू म्हणतोस तर," आणि चढली. ताई, 'तू म्हणतोस तर' हे शब्द एवढे जड असतात हे मला माहीत नव्हतं.

अप्पा सगळ्यांत शेवटी चढले आणि बरोबर मधोमध बसले.

खाडीच्या मध्यावर कुणाला तरी काठावर ओळखीचं माणूस दिसलं. तो ओरडला आणि सगळेच्या सगळे एका अंगाला धावले, हात करायला. हे होणार हे मला ठाऊक होतं, दर वेळी होतंच. मी दुसऱ्या कडेचा कठडा धरला. बोट कलली. पलीकडे माणसांच्या डोक्यांमागे आकाश दिसत होतं ते गेलं आणि पाणी दिसायला लागलं. त्या गर्दीत चिमणीची पाठ मला सापडेना.

आणि बोट झटकन उठली. चांगला हिसका बसला. दोघं-तिघं धडपडले, कुणाच्या तरी हातातला चहा कुणाच्या तरी अंगावर गेला. मिस्त्री वैतागून म्हणाले, "काय हे! आधी कशी मऊ होती! आता बैलगाडी झाली हिची." अप्पा जागचे हलले नव्हते. ते म्हणाले, "असू दे बैलगाडी."

पलीकडच्या धक्क्याला लागलो. माणसं उतरायला लागली. चिमणी माझ्यासमोर येऊन उभी होती, कधीपासून ते मला कळलं नाही.

"बाबा, कठडा सोडा ना. आलो आपण."

मी सोडला. म्हणजे सोडायचं ठरवलं. बोटं उघडायला जरा वेळ लागला.